शटडाऊनमध्ये रात्रीची आरटी: हेल्पर-फिटरनं काय बघायचं

चंद्रपूर, कोराडी, पारस किंवा तिरोडा इथल्या औष्णिक केंद्राचं शटडाऊन लागलं की बॉयलर ट्यूबच्या जोडांची आरटी (रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी फोटो काढून जोड तपासणं) बहुधा रात्री होते. आरटीच्या कॅमेऱ्यात सोर्स म्हणून किरण सोडणारं इरिडियम-१९२ असतं. ३० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप) सोर्स उघडा असेल, तर १ मीटरवर ताशी सुमारे १४० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप). सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तिथं अर्ध्या मिनिटाच्या आत ती संपली. १० मीटरवर संपायला पाऊण तास लागतो. अंतर दहापट केलं की मात्रा शंभरपट घटते, म्हणून आधी लांब जा.

रस्सी बांधली एवढ्यावर विसंबू नका. ती बहुतेकदा त्याच मजल्यावर असते, आणि जाळीच्या फ्लोअरनं किरणं अडत नाहीत. वरचे-खालचे मजले रिकामे करा. मचाणावर, डक्टमागं कुणी झोपलंय का ते टॉर्च घेऊन बघा, मग हजेरी मोजा. एक माणूस कमी भरला तर शॉट (सोर्स बाहेर काढून फोटो घेणं) नाही, ठेकेदार कितीही घाई करो. "थांबा" म्हणायला रेडिओग्राफर असावं लागत नाही.

सर्व्हे मीटर (किरण मोजणारं यंत्र) सुरू करून आधी बॅटरी तपासा, मग बंद कॅमेऱ्याच्या अंगाला लावा. आतून थोडे किरण येतातच, काटा हलायला हवा. शून्य दाखवलं तर मीटरच मेलंय.

प्रत्येक शॉटनंतर क्रँक (सोर्स केबलनं आत-बाहेर करणारं हँडल) पूर्ण मागं फिरवून मीटर पुढं धरूनच जवळ जायचं. आधी कॅमेऱ्याचं तोंड, मग गाईड ट्यूब (सोर्स जोडापर्यंत नेणारी नळी) टोकापर्यंत. खरी गडबड इथंच होते: पिगटेलचा (सोर्सला लागलेल्या छोट्या केबलचा) जोड नीट बसलेला नसला तर केबल एकटीच परत येते, सोर्स ट्यूबमध्ये राहतो, आणि क्रँक फिरवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. काटा चढला तर ओढाताण न करता मागं सरा, रस्सी लांब न्या, आरएसओला (किरण सुरक्षा अधिकाऱ्याला) बोलवा.

टीएलडी बॅज (अंगावर लावायचा, किरणांची मात्रा नोंदणारा बिल्ला) फक्त नंतर हिशेब सांगतो. तो तुम्हाला वाचवत नाही.

चकचकीत, पेन्सिलच्या तुकड्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. पेरूतल्या यानांगो इथं १९९९ मध्ये एका वेल्डरनं असा सोर्स मागच्या खिशात टाकला. पाय कापावा लागला. भाजल्याची खूण लगेच दिसत नाही. काही तासांनी वा दिवसांनी कातडी लाल झाली, मळमळलं, तर डॉक्टरला आरटी कुठं, कधी चालू होती ते सांगा.