जायंट सेल दिसले की लगेच जीसीटी (जायंट सेल ट्यूमर) म्हणू नका (ऑर्थोच्या नवीन जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंटसाठी)

फ्रॅक्चरचं टेन्शन घेऊ नका, ती कॅज्युअल्टी आपोआप शिकवते. रडवतात त्या क्वचित येणाऱ्या केसेस, आणि त्यातल्या एकीत आमचं अख्खं युनिट अडकलं होतं.

तिशीतली बाई, गुडघा दुखतोय, एक्स-रेत फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या टोकाला लायटिक लिजन, म्हणजे हाड खाल्ल्यासारखा डाग, बायोप्सीत जायंट सेलच (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) जायंट सेल. झालं, सगळे जीसीटी म्हणून मोकळे, क्युरेटाज करून (गाठ खरवडून) सिमेंट भरायचं ठरलं, ओटी लिस्टला नाव लागलं. ॲनेस्थेशियाच्या मॅडम कॅल्शियमसाठी अडून बसल्या म्हणून पाठवलं तर तेराच्या वर, मग पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) केलं तर तेही प्रचंड. म्हणजे हायपरपॅराथायरॉइडिझमचा ब्राऊन ट्यूमर, जास्तीच्या पीटीएचने हाडात झालेली गाठ, आजार मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत आणि आम्ही गुडघा उघडायला निघालेलो.

साध्या स्लाइडवर हे दोन्ही इतके सारखे दिसतात की पॅथॉलॉजिस्टला शिव्या घालण्यात अर्थ नाही, फॉर्मवर तुम्ही काय हिस्टरी लिहिली होती ते आधी बघा. क्युरेटाजच्या आधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पीटीएच गेलंच पाहिजे. कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून पीटीएच गाळू नका, आपल्याकडे व्हिटॅमिन डी इतकं कमी असतं की वाढलेलं कॅल्शियम त्यात झाकलं जातं. मुतखडा झाला होता का विचारा. हाताचा एक्स-रे काढा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसते का बघा. पॅराथायरॉइडचा ॲडिनोमा (ग्रंथीतली साधी गाठ) काढला की लिजन बहुतेकदा आपोआप भरत जातं, फक्त त्या ऑपरेशननंतर कॅल्शियम धाडकन उतरतं, तोंडाभोवती मुंग्या म्हणाली की कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवा.

एक्स-रे न बघता थेट एमआरआय, या शॉर्टकटवर माझा जुना राग आहे. ऑस्टिऑइड ऑस्टिओमात (हाडाची छोटी साधी गाठ) एमआरआयवर सूजच एवढी दिसते की छोटा नायडस, म्हणजे गाठीचा गाभा, त्यात हरवतो, रिपोर्ट येतो इन्फेक्शनचा आणि पोरगं महिनोन्‌महिने अँटिबायोटिक खातं. रात्री ठणकतं आणि पेनकिलरने चटकन थांबतं, एवढं ऐकलं तरी बारीक कटचा सीटी सांगा, नायडस सापडला की रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळता येतो. गाईड निवडताना पण तेच, व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून दोन सेकंदात डायग्नोसिस ठोकणारे सर भारी वाटतात, मला विचाराल तर व्ह्यूबॉक्ससमोर गप्प उभे राहणाऱ्या सरांच्या मागे लागा.

घाबरवत नाहीये हां. मुलांच्या एक्स-रेत सहज सापडणारं छोटं नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा (हाडातला निरुपद्रवी तंतुमय डाग) बहुतेक वेळा नुसतं सोडून द्यायचं असतं, आईबाबांना शांतपणे समजावलं की काम झालं.

आणि फिट किंवा शॉक लागून खांदा धरून आलेला पेशंट एपी व्ह्यूत (समोरून काढलेल्या एक्स-रेत) ठीक दिसला तरी घरी पाठवू नका. हात बाहेर फिरतच नसेल तर पोस्टिरिअर डिसलोकेशन (खांदा मागे निखळलेला) समजा आणि ॲक्सिलरी व्ह्यू (काखेच्या दिशेने काढलेला एक्स-रे) मागा. टेक्निशियन कुरकुर करेल, करू दे.