केसरबाईंचे पोर्ट्रेट: आधी तंबोरा, मग चेहरा

फोंड्याजवळच्या केरी गावच्या, जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे तैलचित्र करायला घेतले की बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि तंबोरा शेवटी उरलेल्या जागेत कसाबसा बसवतात. चित्र फसते ते तिथेच. गोव्यात चित्र पाहायला येणाऱ्यांत गाणे शिकलेली माणसे असतातच. नाक जरा इकडेतिकडे झालेले ती चालवून घेतील, पण तारेवर चुकीची पडलेली बोटे त्यांना पहिल्या नजरेत खुपतात.

कॅन्व्हास ३० × ४० इंचांचा, उभा घ्या. डोके साधारण ६ इंचांचे धरले तर मांडी घातलेली आकृती आणि चार फुटी तंबोरा खुंट्यांसकट मावतो. २४ × ३० इंचांवर दांडी मध्येच कापावी लागते आणि तंबोरा काठीसारखा दिसू लागतो.

उपलब्ध छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्या काळी स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करण्याची पद्धत होती. त्यात सुरकुत्या आणि गालाखालच्या सावल्या पुसल्या जात, म्हणून फोटोतला गुळगुळीतपणा खरा मानू नका. एकच वय ठरवा. चेहरा चाळिशीतला आणि हात साठीतले असे झाले तर कुठे बिघडले ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकत राहते. फोटोत उजेड कुठल्या बाजूने आहे ते शोधा. मग तशाच बांध्याच्या बाईला उत्तरेच्या खिडकीपाशी खरा तंबोरा देऊन बसवा आणि सावल्या तिच्यावरून घ्या. वीस मिनिटांनी विश्रांती द्या, नाहीतर खांदा उतरतो आणि रेखाटन बदलते.

आता हात. उजव्या हाताचे मधले बोट पहिली, म्हणजे पंचमाची तार छेडते. बाकीच्या तिन्ही तारा तर्जनीच्या. अंगठा दांडीला टेकलेला, बोटे तारांशी जवळपास समांतर. छेडण्याची जागा भोपळ्यापाशी नाही, तारेच्या साधारण मध्यावर. सतारीची सवय असलेला चित्रकार हात खाली घोडीजवळ (भोपळ्यावरच्या, तारा टेकतात त्या पट्टीजवळ) नेतो आणि बोटे आडवी करतो. ही चूक सर्रास दिसते. चार खुंट्यांपैकी दोन समोर, दोन बाजूंना. बहुतेक तंबोऱ्यांत पहिल्या तीन तारा पोलादी आणि खर्जाची पितळी असते, म्हणून तिघींना थंड करडी चमक आणि चौथीला किंचित पिवळी. तारा अगदी शेवटी, हात काठीवर टेकवून, लांब केसांच्या बारीक ब्रशने एका दमात ओढा. दांडी सावलीत जाते तिथे तार तुटली तरी चालेल, उलट तिथेच ती खरी वाटते. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा या मापात पांढऱ्या ठिपक्याएवढाच दिसतो. तो विसरू नका, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, त्याच्यावर लागते.

तोंड उघडे रंगवण्याचा मोह टाळा. जयपूर घराण्याच्या गायकीत ‘आ’कार मोकळा लागतो हे खरे, पण स्थिर चित्रात उघडे तोंड ओरडल्यासारखे दिसते, त्यात दात आले तर फारच. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यानंतरचा क्षण घ्या: ओठ जेमतेम विलग, मानेचे स्नायू अजून ताणलेले. गाणे मानेत दिसते.

रंगलेपनाला पहिला थर बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाइनचा, पातळ. तो लवकर वाळतो. कातडीसाठी येलो ऑकर दोन भाग, लाइट रेड एक भाग, पांढरा लागेल तसा. सावलीत रॉ अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन. काळा घालू नका, कातडी मातकट होते. वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत जा. उलटे केले, म्हणजे खाली तेलकट आणि वर पातळ, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात. सावलीतल्या चेहऱ्याला उबदारपणा कसा राखायचा ते पाहायला सांग्यात जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे पाहा. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांचा संग्रह आहे, आणि त्यातली माणसे हातभर अंतरावरून बघण्यासारखी आहेत.

पावसाळ्यात कॅन्व्हास सैल पडला म्हणून चौकटीच्या पाचरी ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो जास्त ताणला जातो. चिऱ्यांच्या ओलसर भिंतीला चित्र चिकटवून टांगले तर पाठीमागे बुरशी येते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना इंचभर लाकडी तुकडे लावून हवा खेळती ठेवा. व्हार्निशला किमान सहा महिने थांबा. ते महिने पावसात संपत असतील तर डिसेंबरपर्यंत हात लावू नका, कारण दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक धरते. आणि व्हार्निशचा ब्रश उचलण्याआधी तंबोरा रोज हाताळणाऱ्या एखाद्याला चित्रासमोर उभे करा. बोटे तोपर्यंत दुरुस्त करता येतात.