नोंद किती वाजताची? वेबपानावर तारीख-वेळ नीट कशी लिहावी

सांगलीत कृष्णा चढायला लागली की घराघरांत एकच चौकशी सुरू होते: आयर्विन पुलापाशी किती फूट झालं? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही. ‘४३ फूट’ ही नोंद रात्री दहाची की पहाटे चारची, यावर गोठ्यातली जनावरं कधी सोडायची ते ठरतं. पाणीपातळी दाखवणारं पान तुम्ही बनवत असाल, तर फुटांइतकीच काळजी वेळेची घ्या. खालची उदाहरणं जावास्क्रिप्टची आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक येतील.

१. आधी क्षण साठवा, मजकूर नंतर

जावास्क्रिप्टची ‘डेट’ आतून फक्त एक संख्या असते: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. या संख्येला ना भाषा, ना देश. डेटाबेसात ठेवताना किंवा सर्व्हरकडून पाठवताना आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) चं रूप वापरा: ‘२०१९-०८-०६टी०३:००:००+०५:३०’. शेवटचं ‘+०५:३०’ (भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) कधीही गाळू नका. ते नसेल तर वाचणारं यंत्र ती वेळ स्वतःच्या घड्याळाची समजतं, आणि बरेचसे सर्व्हर यूटीसीवर चालतात.

उलट्या बाजूनेही हाच घोळ होतो. मंगळवारी, ६ ऑगस्टला पहाटे ३ वाजता घेतलेली नोंद यूटीसीवरच्या सर्व्हरने झोन (कुठल्या भागातली वेळ ते) न सांगता छापली, तर पानावर दिसतं ‘५ ऑगस्ट, रात्री ९:३०’. नुसते साडेपाच तास चुकत नाहीत, अख्खी तारीख बदलते.

‘०५/०८/२०१९’ असा मजकूर ‘डेट’ला देऊ नका. ब्राउझर तो अमेरिकी पद्धतीने, म्हणजे ८ मे असा वाचतो. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देणार असाल तर महिने शून्यापासून मोजले जातात हे ध्यानात ठेवा. ऑगस्टचा क्रमांक ७ येतो.

२. तारखेचं काम ‘इंटल’वर सोपवा

महिन्यांच्या नावांची यादी हाताने लिहायची गरज नाही. ‘इंटल’ या जावास्क्रिप्टच्या अंगभूत सोयीतल्या ‘डेटटाइमफॉरमॅट’ला लोकेल (भाषा आणि देशाची खूण) ‘एमआर-आयएन’ द्या, वार आणि महिना ‘लाँग’, दिवस आणि वर्ष ‘न्यूमेरिक’ सांगा, की ‘मंगळवार, ६ ऑगस्ट, २०१९’ असा मजकूर मिळतो. हा फॉरमॅटर एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरा. प्रत्येक ओळीसाठी नवा केला तर लांबलचक तक्ता रेंगाळतो.

‘टाइमझोन’ मात्र दर वेळी स्पष्ट लिहा: ‘एशिया/कोलकाता’. तो दिला नाही तर न्यू जर्सीत बसून गावाकडची पातळी बघणाऱ्या मुलाला तिकडची वेळ दिसेल आणि तो फोनवर आईला भलतंच सांगेल. नदी सांगलीची आहे, तेव्हा वेळही इथलीच हवी. काही ब्राउझर या झोनचं नाव अजून ‘एशिया/कॅलकटा’ असं परत देतात. त्याने बिघडत काही नाही, फक्त दोन्ही नावांची अक्षरशः तुलना करू नका.

‘एमआर’ लोकेलमध्ये अंक आपसूक देवनागरी येतात. इंग्रजी हवे असतील तर लोकेलच्या शेवटी ‘-यू-एनयू-लॅटन’ जोडा. दोन्ही चालतं, पण फूट एका अंकांत आणि वेळ दुसऱ्या अंकांत असं करू नका. घाईत वाचणाऱ्याची नजर अडखळते.

३. वेळ माणसं बोलतात तशी

इथे ‘इंटल’वर पूर्ण विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. एएम-पीएम वाचून घरातल्या आजीला काही कळत नाही, ‘पहाटे ४:१०’ लगेच कळतं. त्यासाठी छोटं फंक्शन स्वतः लिहा. ‘फॉरमॅटटूपार्ट्‌स’ने तास आणि मिनिटं वेगळी काढा, झोन तोच ठेवा. मात्र या कामापुरतं लोकेल इंग्रजी घ्या, कारण देवनागरी ‘०३’ ला ‘नंबर’मध्ये घातलं तर हाती ‘नॅन’ (‘ही संख्याच नव्हे’) येतो. ‘अवरसायकल’ला ‘एच२३’ द्या. ‘अवर१२’ नुसतं ‘फॉल्स’ केलं तर काही ठिकाणी मध्यरात्रीचे २४ वाजतात.

मग वाटणी करा: ४ ते ६ पहाटे, ६ ते १२ सकाळी, १२ ते ४ दुपारी, ४ ते ७ संध्याकाळी, ७ ते १२ रात्री. उरलेल्या १२ ते ४ या तासांना ‘रात्री’ म्हणू नका. ‘मंगळवारी रात्री १ वाजता’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण मंगळवार मावळल्यानंतरची रात्र समजतात, संगणकाच्या लेखी मात्र तो मंगळवार उजाडायच्या आधीचा १ असतो. पूर येतो तेव्हा हा चोवीस तासांचा फरक आहे. तिथे ‘सोमवार-मंगळवार मध्यरात्रीनंतर १:००’ असं दोन्ही वार घालून लिहा. लांब वाटलं तरी चालेल.

४. ‘२ तासांपूर्वी’ एकटं नको

‘रिलेटिव्हटाइमफॉरमॅट’ मराठीत ‘२ तासांपूर्वी’ छान देतो. पण पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागला की ते दोन तास कुठून मोजायचे हे कुणालाच कळत नाही. जुन्या पुराचे फोटो दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. म्हणून पूर्ण तारीख वर्षासकट, आकड्याला लागूनच छापा, आणि ‘इतक्या वेळापूर्वी’ तिच्या शेजारी लहान अक्षरात.

५. जिथे वेळच नाही

हळदीच्या सौद्याची तारीख किंवा सुट्टीचा दिवस हा क्षण नव्हे. ‘२०२४-०३-०५’ असा नुसता दिवस ‘डेट’ला दिला तर ती यूटीसी मध्यरात्र धरते. भारतात तारीख बरोबर दिसते, म्हणून चूक लपून राहते. अमेरिकेत आदला दिवस दिसतो. अशी तारीख मजकूर म्हणूनच साठवा, आणि दाखवताना फॉरमॅटरला झोन ‘यूटीसी’ द्या.

६. तपासणी

यंत्राचा झोन आधी यूटीसी, मग न्यूयॉर्क करून पान पाहा. मजकुरात एक अक्षरही बदलता कामा नये. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १३ च्या आधीची आवृत्ती असेल तर मराठी मागूनही बहुधा इंग्रजी मिळेल, कारण इतर भाषांची माहिती तिच्यात मुळात भरलेली नसे. तयार मजकूर पुन्हा ‘डेट’मध्ये घालून वाचू नका. २०२२ मध्ये आयसीयू ७२ ने (भाषांनुसार तारीख-वेळ लिहून देणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती) इंग्रजी वेळेत पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा बदलून अरुंद जागा घातली, आणि असं वाचणारे बरेच प्रोग्रॅम मोडले.

जावा वापरत असाल तर तारखेच्या साच्यात वर्षासाठी लहान ‘वाय’ लिहा. मोठा ‘वाय’ आठवड्यांचं वर्ष देतो, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला २०२० छापतो. महिन्याचा ‘एम’ मोठा, मिनिटांचा लहान. पीएचपीत मात्र मिनिटांसाठी ‘आय’. शेवटी तीन नोंदी हाताने घालून बघा: रात्री ११:५५, मध्यरात्रीनंतर १२:०५, आणि ३१ डिसेंबरची कुठलीही.