टेस्ट हिरव्या, बटण गायब: मोबाईल ॲप तपासताना या चुका टाळा

ऑटोमेशन, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमकडून ॲप तपासून घेणं, शिकायला आलेला नवखा दुसऱ्या दिवशी हमखास विचारतो, "मग मॅन्युअल टेस्टिंग आता बंद ना?" मी वाद घालत नाही. त्याला हा किस्सा सांगतो.

एका ॲपच्या नोंदणी स्क्रीनवरची ॲपियमची (माणसासारखं ॲप चालवून बघणारं साधन) टेस्ट एकदा लाल झाली, म्हणजे नापास. 'पुढे जा' बटण सापडेना. ज्याच्याकडे ती आली, त्याने पत्ता भरून झाल्यावर कीबोर्ड बंद करणारी एक ओळ घातली. टेस्ट हिरवी, सगळे खूश. दीड महिन्याने सपोर्टमधल्या एका ताईंनी सहज म्हणून आपल्या छोट्या फोनवर ॲप टाकलं, पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "आता पुढे जायचं कुठून?" कीबोर्ड उघडला की बटण त्याखाली जात होतं आणि स्क्रीन वर सरकतच नव्हती. म्हणजे टेस्ट बोंबलून बगच दाखवत होती, आम्ही तिचं तोंड बंद केलं. 'आम्ही' म्हणतो, कारण रिव्ह्यूमध्ये ती ओळ मीच पास केली होती.

तेव्हापासून लाल टेस्टच्या कोडला हात लावण्याआधी मी तीच पायरी फोन हातात घेऊन, एका अंगठ्याने करून बघतो. मला अडलं, तर चूक स्क्रिप्टची नाही.

दुसरी चीड म्हणजे स्लीप, टेस्टला ठरावीक सेकंद नुसतं थांबवणारी ओळ. स्क्रीन उशिरा आली, टाक पाच सेकंद. एका टेस्टमध्ये असे १२ थांबे आणि टेस्ट ४०, म्हणजे नुसतं थांबण्यातच ४० मिनिटं गेली. एवढं करून नेटवर्कला सहा सेकंद लागले की टेस्ट पडतेच. ठरावीक वेळ थांबू नका, हवं ते बटण किंवा रकाना असा घटक दिसेपर्यंत थांबा आणि वरची मर्यादा द्या. दिसला की लगेच पुढे. एस्प्रेसो (अँड्रॉइड ॲप तपासायचं साधन) मुख्य थ्रेड, म्हणजे ॲपची स्क्रीन सांभाळणारा धागा, मोकळा होईपर्यंत स्वतःच थांबतो, पण तुमच्या नेटवर्क कॉलचं त्याला काही ठाऊक नसतं. त्यासाठी आयडलिंग रिसोर्स, म्हणजे 'काम अजून चालू आहे' असं त्याला कळवणारा कोड, लिहावा लागतो. तो लिहायचा कंटाळा, म्हणून स्लीप. आणि पडलेली टेस्ट तीनदा चालवून एकदा हिरवी झाली की 'पास' म्हणणं हा त्याच कंटाळ्याचा धाकटा भाऊ.

लांबलचक एक्सपाथ, म्हणजे 'या डब्यातला तो डबा, त्यातलं तिसरं बटण' असा घटकाचा पत्ता, नको. डिझायनरने एक डबा हलवला की सगळं कोसळतं. डेव्हलपरकडून ॲक्सेसिबिलिटी आयडी, म्हणजे घटकाला दिलेलं नाव, मागून घ्या, भांडून घ्या.

डिझाइन दर आठवड्याला बदलतंय तोवर त्या स्क्रीनची टेस्ट लिहू नका.

नुसत्या एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर, तपासून रिलीज करू नका. तापलेला फोन, भरलेलं स्टोरेज, मध्येच आलेला कॉल, बॅटरी वाचवायला बॅकग्राउंड ॲप मारून टाकणारी फोन कंपन्यांची सेटिंग्ज तिथे आपणहून समोर येत नाहीत.

उलट चूकही तितकीच वाईट: माणसाला दर रिलीजला तेच ८० लॉगिन करायला लावणं. तिसऱ्या फेरीपासून तो न बघताच टिक करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ते काम मशीनला द्या. त्याला फोन द्या आणि अक्षरं मोठी करायला सांगा. अँड्रॉइड १४ मध्ये ती २०० टक्क्यांपर्यंत जातात, आणि तिथे निम्मी बटणं आपली नावं गिळतात. मग नोटिफिकेशनची परवानगी नाकारून, पैसे भरता भरता फोन लॉक करून बघू दे.