कोळसा, गॅस, खनिजं यांच्यावर रिसर्च करायचाय? नाशिककरांसाठी जिओकेमिस्ट व्हायची वाट

नाशिकमध्ये कोळशावर रिसर्च म्हटलं की घरचे पहिलं हेच विचारणार, अरे पण इथं कोळसा आहे कुठं? नाहीचे. आपल्या पायाखाली सगळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकलहऱ्याच्या थर्मलला लागणारा कोळसासुद्धा रेल्वेने येतो. पण सुरुवात इथून करता येते. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, अपोफिलाइटसारखी खनिजं तयार झालीत, पांडवलेणीच्या बाजूच्या खाणींमधली तर खनिजं जमवणाऱ्या लोकांमध्ये प्रसिद्ध आहेत. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये एकदा जाऊन या, आणि नुसते फोटो काढू नका, प्रत्येक स्फटिकासमोर विचारा की हे ज्या पाण्यातून बनलं ते किती गरम होतं आणि त्याने खडकातून काय काय विरघळवून आणलं. जिओकेमिस्ट, म्हणजे खडक-खनिजांचं रसायन अभ्यासणारा माणूस, आयुष्यभर हेच विचारतो, फक्त मशीन लावून.

शिक्षणाचं बोलायचं तर बारावीला मॅथ्स सोडू नका. बीएस्सीला माझं मत विचाराल तर केमिस्ट्री आणि जिऑलॉजी दोन्ही हातात ठेवा, कारण नुसती जिऑलॉजीवाली पोरं लॅबमध्ये अडकतात आणि नुसती केमिस्ट्रीवाली फील्डवर. पुण्याला फर्ग्युसनमध्ये जिऑलॉजी आहे, पुढे एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ (कोळशाच्या खाणी तिथून जवळ, हा मोठा फायदा), आयआयटी मुंबई, धनबाद. आयआयटीसाठी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि फॉर्म भरायच्या आधी पात्रता नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी बीएस्सीला जिऑलॉजी असणं लागतं.

आता खरं काम, सॅम्पलिंग, म्हणजे नमुने घेणं. यावर कोणी बोलत नाही, सगळ्यांना मास स्पेक्ट्रोमीटरचं (अणू-रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनचं) कौतुक. कोळशाच्या थरातून चांगला चमकदार तुकडा उचलून आणला तर राखेचा आकडा कमी येणार आणि पेपर खोटा होणार, शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही. आधी उघड्यावर पडून खराब झालेला भाग खरवडून काढायचा, मग थराच्या माथ्यापासून तळापर्यंत सारख्या रुंदीची चर पाडायची, मधले शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) पट्टे कुठे आहेत आणि किती जाड आहेत ते वहीत लिहायचं. मग सगळं बारीक करून ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, आणि परत तेच, लॅबला लागेल तेवढं उरेपर्यंत.

लॅबमध्ये पहिली प्रॉक्सिमेट टेस्ट, म्हणजे कोळसा तापवून त्यात काय किती टक्के आहे ते बघायचं. ओलावा १०८ अंशांना, राख ८१५ अंशांना, व्होलाटाइल मॅटर (तापवल्यावर वायू होऊन उडून जाणारा भाग) ९०० अंशांना झाकण लावून ७ मिनिटं, आणि उरतो तो फिक्स्ड कार्बन, जो मोजायचा नसतो तर १०० मधून वजा करून काढायचा असतो. आकडा लिहिताना तो एअर ड्राय (हवेत वाळवलेल्या कोळशाचा) आहे का ड्राय ॲश फ्री (ओलावा आणि राख वगळून काढलेला) आहे हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर दोन खाणींची तुलनाच होत नाही. चंद्रपूर, उमरेडकडचा गोंडवाना कोळसा म्हणजे राख जास्त, गंधक कमी. आसाम-मेघालयात उलटं, कोळसा वयाने खूप लहान, राख कमी पण गंधक जास्त, कारण तिथल्या दलदलीत समुद्राचं पाणी शिरत होतं.

गॅसचं काम अजून घाईचं. बोअरमधून कोअर, म्हणजे कोळशाचा दंडगोल तुकडा, वर आला की मिथेन सुटायला लागतो, म्हणून तो लगेच हवाबंद कॅनिस्टरमध्ये (डब्यात) टाकायचा आणि किती गॅस निघतोय ते मोजत बसायचं, वर येईपर्यंत जो उडाला त्याचा हिशोब वेगळा. मग कार्बनचे आयसोटोप, म्हणजे एकाच कार्बनचे हलके आणि जड अणू. डेल्टा १३सी (जड कार्बन किती कमी-जास्त आहे ते दर हजारी सांगणारा आकडा) उणे ६० च्या खाली असेल तर मिथेन बहुतेक जिवाणूंनी बनवलेला, त्याहून बराच जड, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ, असेल तर खोलवरच्या उष्णतेने. बहुतेक म्हटलंय हं, मिक्सिंग असतं, एका आकड्यावर निकाल देऊ नका.

धातूंच्या खनिजांमध्ये पण विचार तोच, सोनं शोधताना आर्सेनिक मोजतात कारण आर्सेनिक जास्त पसरतं आणि सापडतं लवकर.

नोकरीचं म्हणाल तर जीएसआय (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया), १८५१ ची संस्था, सुरुवातच कोळसा शोधायला झालेली. तिथं जायला यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यात केमिस्टची पोस्ट वेगळी असते जी केमिस्ट्रीत एमएस्सी केलेल्यांना चालते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रिसर्चच करायचा तर सीएसआयआर नेट परीक्षेतला पृथ्वीविज्ञानाचा (Earth Sciences) पेपर, त्यातून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली की पीएचडीचा खर्च निघतो. संशोधन संस्था म्हणाल तर धनबादचं सीआयएमएफआर (खाणी आणि इंधनाची संस्था) कोळशासाठी, हैदराबादचं एनजीआरआय (भूभौतिकीची संस्था), लखनौची बिरबल साहनी संस्था जुन्या वनस्पती आणि कोळशासाठी.

गाइडला मेल करताना "सर मला तुमच्याकडे पीएचडी करायचीये" एवढंच पाठवू नका, त्यांचे दोन पेपर वाचून सॅम्पल कुठून आणि कसे घेतले यावर एक नेमका प्रश्न विचारा, आणि लॅबमधलं मशीन चालू आहे का बंद पडून आहे हे तिथल्या सीनियरना फोन करून आधीच काढून घ्या.