पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट्स मोजताय? या चुका टाळा

दाह होतो तेव्हा प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या चिमुकल्या पेशी) पांढऱ्या पेशींना कशा चिकटतात, हे एकदा नीट समजलं की प्रयोगातल्या निम्म्या चुका होतच नाहीत. म्हणून आधी तेच सांगते. शांत प्लेटलेटच्या आत अल्फा कण असतात आणि त्यांच्या आवरणात पी-सिलेक्टिन हे प्रथिन दडलेलं असतं. थ्रॉम्बिन किंवा एडीपी या चेतवणाऱ्या पदार्थांनी प्लेटलेट चेतवली की हे कण तिच्या पृष्ठभागात मिसळतात आणि पी-सिलेक्टिन बाहेर येतं. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर त्याचा जोडीदार, पीएसजीएल-१, आधीपासून असतोच. पहिली, सैलसर पकड या जोडीची. त्या पकडीमुळे पांढऱ्या पेशीवरचं मॅक-१ हे इंटिग्रिन (चिकटवणारं प्रथिन) जागं होतं. मग ते प्लेटलेटवरच्या जीपी-१बी या प्रथिनाला थेट धरतं किंवा प्लेटलेटला चिकटलेल्या फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनामार्फत पकड घट्ट करतं.

यातलं पाठ करण्यासारखं वाक्य एकच: पी-सिलेक्टिनची पकड कॅल्शियमशिवाय टिकत नाही. मॅक-१लाही कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे आयन लागतात.

जांभळ्या झाकणाची नळी

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बुडतात. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीसाठी) हाताशी असलेली जांभळी नळी सवयीने उचलली जाते. तिच्यातलं ईडीटीए रक्त गोठू नये म्हणून कॅल्शियम बांधून टाकतं आणि आपल्याला मोजायची असलेली पकडही त्याबरोबर सुटते. मी शिकाऊ असताना आठवडाभर याच नळीत नमुने घेतले. अंगात चांगलाच दाह असलेल्या रुग्णांचे आकडे निरोगी माणसांच्याही खाली येत होते आणि मी अँटिबॉडीच्या (पेशी ओळखायला वापरतो त्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या) बाटलीवर संशय घेत बसले होते.

निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी घ्या. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळायचं असल्यामुळे रक्त खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. सायट्रेटही कॅल्शियम बांधतं, पण ईडीटीएपेक्षा खूपच सौम्यपणे. कॅल्शियमला हातच लावायचा नसेल तर थ्रॉम्बिन रोखणारं हिरुडिन वापरतात. मात्र एकदा निवडलेला पदार्थ अभ्यासाच्या शेवटपर्यंत बदलू नका. दोन वेगवेगळ्या नळ्यांतले आकडे शेजारी मांडून तुलना करणं चूकच.

तेच ईडीटीए नियंत्रण म्हणून मात्र उत्तम काम करतं. नमुन्याचा एक भाग मुद्दाम ईडीटीए घालून चालवा. जोड्या तुटून संकेत खाली आला तर तुम्ही खरी पकड मोजत होता. आला नाही, तर अँटिबॉडी कुठेतरी उगाच चिकटते आहे.

याच्या अगदी उलटा प्रकारही याच नळीत घडतो. काही थोड्या लोकांच्या रक्तात ईडीटीए मिसळलं की प्लेटलेट्स न्यूट्रोफिलभोवती फेर धरून बसतात. याला सॅटेलिटिझम म्हणतात. त्याचा दाहाशी संबंध नसतो, शरीरात तसं काही घडत नसतं, सगळा प्रकार नळीतला. पण यंत्राला त्या प्लेटलेट्स वेगळ्या दिसत नाहीत आणि रिपोर्टवर काउंट घसरतो. डेंग्यूच्या दिवसांत असा एक आकडा घरच्यांची झोप उडवतो. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखरही कमी होतात, म्हणून अंदाज करत बसू नये. रक्तस्रावाची काहीच लक्षणं नसताना आकडा खूप खाली आला, तर स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघावी, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजावं आणि सायट्रेटने झालेल्या पातळपणासाठी आलेला आकडा १.१ ने गुणावा. स्लाइड बघायला पाच मिनिटं लागतात. ती द्याच.

नळीतही चिकटणं चालूच असतं

रक्त शरीराबाहेर आलं म्हणून पेशी थांबत नाहीत. तासभर टेबलावर राहिलेल्या नळीत नव्या जोड्या तयार होतात आणि त्या रुग्णाच्या नावावर जमा होतात. दंडाचा पट्टा जास्त वेळ आवळून ठेवू नका, सुई २१ गेजची घ्या, पहिले काही मिलिलिटर रक्त दुसऱ्या तपासणीला द्या. नळी हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. बर्फात तर मुळीच ठेवू नका, थंडीनेही प्लेटलेट्स चेततात. सेंट्रिफ्यूज टाळा, कारण तळाशी दाबल्या गेलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात. अँटिबॉडी आधीच नळ्यांत घालून ठेवा, त्यात थोडं सबंध रक्त टाका, ठरलेल्या मिनिटाला फिक्स करा (रसायनाने पेशी आहेत तशा थांबवा) आणि लाल पेशी त्यानंतरच फोडा. हे मिनिट प्रत्येक नमुन्याला तेच असलं पाहिजे.

या जोड्या मोजतो ते यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर, ते पेशी एकेक करून लेझरसमोरून नेतं. त्यावर आणखी एक फसवणूक होते. एका मायक्रोलिटरमध्ये प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख, तर पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. एवढ्या गर्दीत एखादी सुटी प्लेटलेट पांढऱ्या पेशीबरोबर योगायोगाने लेझरसमोरून जाते आणि यंत्र त्यांना जोडी समजतं. नमुना पातळ करून धिम्या गतीने पुन्हा चालवा. टक्केवारी घसरली तर आधीच्या जोड्यांतल्या बऱ्याच खोट्या होत्या.

अर्थ लावताना

सुट्या प्लेटलेट्सवर पी-सिलेक्टिन दिसलं नाही म्हणून ‘प्लेटलेट्स शांत आहेत’ असं लिहू नका. चेतलेली प्लेटलेट रक्तात फिरताना पृष्ठभागावरचं पी-सिलेक्टिन लवकर गमावते, पण फिरत राहते. मोनोसाइटला चिकटलेल्या प्लेटलेट्स ही त्याहून संवेदनशील खूण आहे, हे २००१ मध्ये बबून माकडांत आणि हृदयविकाराच्या रुग्णांत दाखवलं गेलं. म्हणून सगळ्या पांढऱ्या पेशींचा एकच आकडा देण्याऐवजी सीडी१४ ही मोनोसाइटवरची खूण वापरून मोनोसाइट वेगळे काढा. रुग्ण धूम्रपान करतो का, क्लोपिडोग्रेलसारखं प्लेटलेट्स रोखणारं औषध घेतो का, हे रक्त घेतानाच लिहून ठेवा. नंतर आकडे विचित्र दिसले की विचारायला तो रुग्ण समोर नसतो.

उंदरावरचे निष्कर्ष माणसाला लावतानाही सावध राहा. टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनामुळे उंदराच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात पी-सिलेक्टिन नव्याने तयार होतं. माणसात त्या जनुकाला टीएनएफ तसं चेतवत नाही.

आणि एवढं सगळं सांभाळूनही जोड्या दिसल्याच नाहीत, तर त्याच रक्ताच्या दुसऱ्या भागात एडीपी घालून बघा. तिथे जोड्या दिसल्या तर पद्धत ठीक आहे आणि तुमचा शून्याजवळचा आकडा खरा धरता येईल. तिथेही दिसल्या नाहीत, तर पुन्हा नळीच्या झाकणाचा रंग बघा.