फ्रेम लावली म्हणजे झालं? गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनो, बाल संरक्षणातल्या या चुका टाळा

हॉटेल-गेस्टहाउसच्या स्टाफला बाल संरक्षणाचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. कळंगुट ते पाळोळे, सगळीकडून येणारा फोन साधारण सारखाच असतो. “मॅडम, मुलांच्या सुरक्षेच्या त्या आचारसंहितेवर सही झालीय. आता तेवढं ट्रेनिंग उरकून टाका. तासाभरात होईल ना?” नाही होत. आणि होतं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

‘ऐच्छिक आहे, सवडीने बघू’

संहिता ऐच्छिक आहे, हे खरं. पर्यटनातलं मुलांचं लैंगिक शोषण रोखण्यासाठीची ‘द कोड’ ही आंतरराष्ट्रीय संहिता १९९० च्या दशकात एकपॅट स्वीडन या बालहक्क संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. ती सहा गोष्टी मागते: लेखी धोरण, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, करारांमध्ये कलम, प्रवाशांना माहिती, इतरांशी सहकार्य आणि दर वर्षी अहवाल. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये सुरक्षित आणि सन्माननीय पर्यटनाची संहिता आणली. या दोन्हींवर सही न केल्याबद्दल कुणी तुम्हाला तुरुंगात टाकणार नाही.

पण त्यातला बराच भाग गोव्यात आधीच कायदा आहे, हे सही करणाऱ्या मालकालाच माहीत नसतं. गोवा बाल कायदा २००३ चा आहे. हॉटेलच्या आवारात मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी तो मालकावर आणि मॅनेजरवर टाकतो. लगतच्या किनाऱ्यावर मुलांना जाऊ देत असाल, तर तिथलीसुद्धा. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी देशभर लागू असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर वर्षापर्यंत. हे ऐकलं की मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेले मालक ताठ बसतात.

रजिस्टरमधलं ‘+१’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उत्तर गोव्यातलं एक मध्यम हॉटेल. संहिता फ्रेम करून रिसेप्शनच्या मागे लावलेली. पावसाळ्याचे दिवस, निम्म्या खोल्या रिकाम्या. रात्री उशिरा एक गृहस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. “भाची आहे.” आधार कार्ड फक्त त्याचं घेतलं, रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं आणि पुढे ‘+१’. मुलीकडे साधी पिशवीही नव्हती. खोलीत पाण्याची बाटली द्यायला गेलेल्या रूम बॉयला ते खटकलं. बांद्याकडचा पोरगा, नुकताच कामाला लागलेला. त्याने रिसेप्शनला सांगितलं, रिसेप्शनने मॅनेजरला फोन केला. मॅनेजर झोपेत म्हणाला, “सकाळी बघू, उगाच गिऱ्हाईक दुखवू नकोस.”

मग त्यालाच झोप येईना. तो उठून आला आणि त्याने थेट खोलीचं दार ठोठावून उलटतपासणी सुरू केली. पाहुण्याने आरडाओरडा केला, केस करायची धमकी दिली आणि उजाडायच्या आत गाडी बोलावून मुलीसकट निघून गेला. पोलिसांना फोन गेला तो त्यानंतर. त्यांनी विचारलं, मुलीचं नाव काय? वय? गाडीचा नंबर? कुणाकडेच काही नव्हतं आणि पार्किंगचा कॅमेरा बंद होता. ती खरंच त्याची भाची होती का, हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.

मूल हॉटेलच्या खोलीत जायचं, तर ते कुटुंबासोबत किंवा नातेवाइकासोबत राहत असल्याची नोंद हवी, असं बाल कायदाच सांगतो. ‘+१’ ही नोंद होत नाही. माझी पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाचं वेगळं नाव, वय, सोबतच्या मोठ्याशी नातं आणि ओळखपत्राची प्रत. गर्दी असो, बस भरून पाहुणे आलेले असोत, नाताळ असो. आणि एखादा सहज प्रश्न मुलालाच विचारायचा: कुठून आलात, उद्या काय बघणार? घरच्यांबरोबर आलेलं मूल बहुधा बोलतं, नाहीतर आईच्या मागे लपतं. मूल बोलायच्या आत सोबतचा माणूसच दर वेळी उत्तर देत असेल, तर कान टवकारा. एवढ्यावरून कुणाला दोषी ठरवू नका, पण लक्ष ठेवा.

शंका आली तर दार ठोठावू नका. ११२ हा तातडीचा नंबर लावा, नाहीतर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. पोलीस येईपर्यंत नेहमीसारखं वागा आणि गाडीचा नंबर टिपून ठेवा. दोन्ही नंबर, शिवाय जवळच्या पोलीस ठाण्याचा, मी रिसेप्शनच्या फोनलाच चिकटवायला लावते. त्याखाली एक ओळ, मालकाच्या सहीने: ‘फोन करायला कुणाचीही परवानगी लागणार नाही.’ या ओळीवर सही करताना मालक सगळ्यात जास्त कां कूं करतात. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी कुणावरही कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे, असं सांगितलं की पेन हलतं.

मुलाचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे.

उतरवून घेतलेलं धोरण

इंटरनेटवरून घेतलं, हॉटेलचं नाव बदललं, छापलं. असं एक धोरण मी वाचलंय, त्यात तातडीचा नंबर दुसऱ्याच देशाचा होता. दीड पान लिहा, पण स्वतः लिहा. मराठीत, कोकणीत आणि हिंदीत. हाउसकीपिंगच्या मुली वाचणार आहेत ते.

फक्त गोऱ्या पाहुण्यावर डोळा

गोव्यात हा विषय निघाला की फ्रेडी पीट्सचं नाव येतंच. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल त्याला १९९१ मध्ये अटक, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. त्यातून लोकांनी धडा काय घेतला, तर परदेशी एकटा पुरुष दिसला की सावध व्हायचं. पण तो मडगावात अनाथ मुलांचा आश्रय चालवत होता, उपकारकर्ता म्हणून मानाने वावरत होता. माणसाचा रंग आणि कपडे बघून काही कळत नाही. मुलाकडे बघा.

कंत्राटी माणसं प्रशिक्षणाबाहेर

दुसरी चीड आणणारी गोष्ट. सभागृहात कोण बसतं? फ्रंट ऑफिस, एचआर, दोन शेफ. आणि रात्री पाहुण्याला नेणारा-आणणारा टॅक्सीवाला, सिक्युरिटी, लॉन्ड्री, समोरचा शॅक, स्कूटर भाड्याने देणारा? “ते आमचे नाहीत, मॅडम, कॉन्ट्रॅक्टरचे.” पाहुण्याने मुलाबद्दल नको ते विचारलं, तर पहिल्यांदा कुणाला विचारणार? जनरल मॅनेजरला नक्कीच नाही.

करारात कलम घालायला पाच मिनिटं लागतात. मुलांचं शोषण आढळलं तर कंत्राट रद्द, चौदा वर्षांखालचं कुणी कामाला नाही आणि प्रशिक्षणाला हजेरी सक्तीची. मी त्यापुढे एक करते. टॅक्सी स्टँडवर जाऊन चहा घेत अर्धा तास बोलते. हॉलमध्ये जे कधीच कळत नाही, ते तिथे कळतं. नव्या एचआर पोरांना हे ‘मोजता येत नाही’ म्हणून आवडत नाही. नसू दे.

‘आमच्याकडे शून्य तक्रारी’

वार्षिक अहवालात हे वाक्य अभिमानाने लिहिलेलं असतं. मी लगेच नाइट शिफ्टच्या मुलाला गाठून विचारते, “तक्रार करायची झाली तर कुणाकडे करशील?” त्याला सांगता आलं नाही, तर ते शून्य खोडायला लावते. त्या जागी लिहायचं: किती जणांना प्रशिक्षण दिलं, त्यातले किती सोडून गेले, किती शंका वर कळवल्या आणि त्यांचं पुढे काय झालं.